लाल वायरींची गाडी

आम्हा ऑटो इलेक्ट्रिशियन लोकांकडे कमाईपेक्षा किस्से जास्त साठतात. साकोलीला हायवेवर माझं दुकान आहे. बावीस वर्षांत ट्रक पाहिले, ट्रॅक्टर पाहिले, जेसीबी पाहिले, आणि 'फाल्ट सापडला नाही' असं कुणाही गिऱ्हाइकाला कधी म्हटलं नाही. एकदाच म्हटलं. तो किस्सा शेवटी सांगतो, कारण त्याच्या आधीचे ऐकल्याशिवाय माझा वैताग तुम्हाला कळणार नाही!

सगळे किस्से एकाच गाडीचे आहेत. एकोडीच्या गुरुजींची गोल नाकाची, पांढरी, जुनी गाडी. गुरुजी रिटायर्ड मास्तर, वय अठ्ठ्याहत्तर. गाडीचे कागद संपत आले होते. भंडाऱ्याला आरटीओत नेऊन पास करून घ्यायची, म्हणजे दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर सगळं चाललं पाहिजे, नाही तर गाडी भंगारात. पास झाली की ती स्वतः चालवत अड्याळला बहिणीकडे जायचं, असं गुरुजींनी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं.

*

पहिल्या दिवशी एकोडीला जाऊन डॅशबोर्ड उघडला आणि डोकं धरून खालीच बसलो. आत सगळ्या वायरी लाल! दिव्याची लाल, हॉर्नची लाल, अर्थिंगचीही लाल. कोणती कुठून येते आणि कुठे जाते, ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

गुरुजींनी घर बांधलं तेव्हा फिटिंगची लाल वायर उरली होती. वाया कशाला घालवायची म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं सगळी गाडीत घातली. मी म्हटलं, गुरुजी, निदान दोन रंग तरी आणायचे.

"रंगाचं काय घेऊन बसला," गुरुजी म्हणाले. "करंट आंधळाच असते."

*

मग त्यांनी गाडीला रंग मारून घेतला. मला न विचारता! दुसऱ्या दिवशी फोन आला की ब्रेक दाबला तर समोरचे इंडिकेटर लुकलुकतात आणि डावीकडे वळायचा दिवा लावला तर हॉर्न वाजतो. गल्लीतली कुत्री गाडीमागे लागायची ती याचमुळे.

दोन दिवस तारा ओढत बसलो. शेवटी कळलं की जिथे अर्थिंगची वायर बॉडीला बोल्टनं कसायची, तिथेही पेंटरनं मन लावून रंगाचे तीन हात दिले होते. करंटला परत जायला वाटच नाही, म्हणून तो सापडेल त्या घरात शिरत होता. मी सँडपेपर काढला आणि रंग खरवडायला लागलो. गुरुजी शेजारी उभे राहून कळवळत होते.

"हळू घास बापा, माह्या अंगाले लागते."

*

सगळ्यात जास्त छळलं ते बॅटरीनं. संध्याकाळी फुल, सकाळी ठणठणाट! याचा अर्थ कुठे तरी करंट गळतो. तीन दिवस एकेक वायर सोडून मीटर लावला. गळती शून्य. चौथ्या दिवशी सकाळी लवकर पोहोचलो, तर गुरुजींचा सालदार गडी शेताकडून बॅटरी खांद्यावर घेऊन येताना दिसला.

धानात रानडुकरं शिरत होती. कुंपणाचं झटका मशीन रात्रभर गाडीच्या बॅटरीवर चालत होतं! मी गुरुजींना विचारलं, हे आधी काहून नाही सांगितलं?

"तू वायरीचं विचारत होता," गुरुजी शांतपणे म्हणाले. "बॅटरी रात्री कुठं झोपते, हे कुठं विचारलं?"

*

त्याच आठवड्यात त्यांनी बॅटरी स्वतः जोडली. प्लसची वायर मायनसला. धूर निघाला, निम्म्या लाल वायरी वितळल्या आणि माझं महिन्याभराचं काम मातीत गेलं. खरंच रडू आलं मला. गुरुजी म्हणाले, उजेड कमी होता. सकाळचे अकरा वाजले होते आणि ऊन डोक्यावर आलं होतं!

गुरुजी आत गेल्यावर त्यांच्या घरच्या, म्हणजे आमच्या काकू, चहा घेऊन आल्या. खालच्या आवाजात म्हणाल्या, मोतीबिंदू आहे, डॉक्टरनं सांगून वर्ष झालं, ऑपरेशनचं नाव काढू देत नाहीत. मागच्या महिन्यात गाडी तलावाच्या पाळीवरून खाली जाता जाता राहिली.

"पास झाली तर हे अड्याळले जातीन," काकू म्हणाल्या. "मंग मी काय करू?"

मी कप ठेवला आणि फ्यूज बदलायला लागलो. काकूंनी विचारलं, हे काय असते? मला ज्ञान पाजळायची जुनी खोड. सांगितलं की या फ्यूजची दोन टोकं दोन पट्ट्यांना टेकतात म्हणून दिवा लागतो. मधे कागदाचा कपटा आला तरी खेळ खलास. काकूंनी नीट ऐकून घेतलं.

*

आता तो किस्सा. सगळी वायरिंग नवी केली, यावेळी रंगीबेरंगी. आदल्या संध्याकाळी सगळे दिवे लावून पाहिले, लख्ख! सकाळी गाडी मी चालवली, गुरुजी शेजारी आणि काकू मागे. काकू त्या गाडीत कधी बसत नसत. भंडाऱ्यात साहेबांनी हेडलाइट लावायला सांगितले. एकही लागला नाही.

मी फ्यूज काढला, तर त्याच्या टोकावर मरून रंगाची टिकली चिकटलेली. मी मागे पाहिलं. काकू खिडकीबाहेर पाहत होत्या. कपाळावर तसलीच टिकली होती.

गुरुजींनी फ्यूज मागितला. दिला. त्यांनी नाकाजवळ धरला, उन्हात फिरवून फिरवून पाहिला आणि परत दिला. म्हणाले, चांगला तर आहे.

मी फ्यूज टिकलीसकट जागेवर बसवला आणि झाकण लावलं.

"फाल्ट सापडत नाही, गुरुजी."

साहेबांनी पुढची तारीख दिली. गुरुजी रस्ताभर धुसफुसत होते. बावीस वर्षांचा अनुभव म्हणे! माझे डोळे चांगले असते तर मीच शोधला असता, म्हणाले.

"मंग घ्या करून डोळे," मागून काकू म्हणाल्या.

महिन्याभरानं गुरुजींचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं, पट्टी निघाली होती, आणि सकाळी पहिलं काम त्यांनी फ्यूजबॉक्स उघडायचं केलं होतं.

"सापडला फाल्ट," म्हणाले. "हेडलाइट लागले."

मी जपून विचारलं, काय होतं?

"तुले खरंच नव्हतं दिसलं?"

"नाही गुरुजी."

पलीकडे काकूंच्या बांगड्या वाजल्या. मग गुरुजी म्हणाले,

"मंग तूबी डोळे दाखवून घे."