देशपांडे सरांची बिनखताची ज्वारी

मास्तर लोकांना किस्से साठवावे लागत नाहीत, खडूच्या भुकटीसारखे ते आपोआप साठतात. ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास बोरीच्या आमच्या शाळेत जे साठले, त्यातले निम्मे देशपांडे सरांच्या ज्वारीचे!

झालं असं, की सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, काविळीतून उठल्या, पण अन्नावरची वासना उडाली. हायब्रीडची भाकरी घशाखाली उतरेना. माहेरी खायच्या तशी, शेणखतावरच्या गावरान ज्वारीची हवी, एवढंच मागणं. त्या रोज खंगत चालल्या होत्या आणि सर पार हवालदिल झाले होते.

सर बाजारात गेले. दुकानदारानं ज्वारीचे दोन ढीग मांडलेले. त्यातला एक म्हणे बिनखताचा, म्हणजे रासायनिक खत न घातलेला. सरांनी दोन्हीकडचे दाणे तळहातावर घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि फरक काय, म्हणून विचारलं.

"हिचा भाव जास्त हाय," दुकानदार म्हणाला.

मग आमच्या शिपायानं, नामदेवनं अक्कल शिकवली. फवारा मारलेल्या मालात कीड राहत नाही, तेव्हा किडकं तेच अस्सल. ज्वारी नाही तर निदान भाजी तरी, म्हणून सरांनी किडकी वांगी वेचून घेतली, तीही स्वस्तात. पुढच्या बाजारी भाजीवालीनं किडकी वांगी वेगळी मांडली होती. भाव दुप्पट!

शेवटी सरांनी वर्गातच विचारलं, कुणाच्या घरी बिनखताची ज्वारी आहे? सगळे हात वर. विकायला कुणाकडे आहे? सगळे हात खाली.

तरी सर पिशवी घेऊन एका विद्यार्थ्याच्या वडिलांकडे, सखारामकडे गेले. मी सोबत होतो. ओसरीवर पोत्यांची थप्पी होती आणि कोपऱ्यात धान्याची एक कणगी. पोत्यातली ज्वारी खत घातलेली, ती हवी तेवढी न्या, असं सखाराम म्हणाला. सर कणगीकडे बघत होते.

"ती इकायची न्हाई, सर. ती आमी खातो."

सर पिशवीची घडी घालू लागले. मला त्यांच्याकडे बघवेना. तेवढ्यात सखारामची बायको बाहेर आली. वहिनींची तब्येत विचारली, सरांच्या हातातली पिशवी घेतली आणि कणगीतून गच्च भरून दिली. सरांनी घाईनं खिशात हात घातला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पैसे दिले तर पोत्यातली द्यावी लागंल."