गाडीचा उंबरा

आमच्या नाक्यावरचा मेकॅनिक गाडीच्या दाराखालच्या पट्टीला उंबरा म्हणायचा. तिच्यावर कुणी पाय दिला की खेकसायचा, "उंबऱ्यावर पाय नको!" काढलेला जुना पार्ट मात्र वळूनही न बघता भंगारात भिरकावायचा.

पावस गावच्या एका बागायतदारांचा तरुण मुलगा गेला. त्याची लाल स्पोर्ट्स गाडी विकायची, म्हणून ते पट्ट्या बदलायला आले. मी स्कूटरपाशी उभा होतो. ड्रायव्हरच्या बाजूच्या जुन्या पट्टीवरच्या रेघा मुलाच्या टाचेने घासून गुळगुळीत झाल्या होत्या. मेकॅनिकने ती पुसली, स्वच्छ फडक्यात गुंडाळली नि दोन्ही हातांनी त्यांना दिली.

"अण्णा, किती ओरडलो त्याला, उंबऱ्यावर पाय नको म्हणून. ऐकला नाय," तो म्हणाला. "बरा झाला, नाय ऐकला."