तीनशे बारा नंबरचा गणवेश

माझा बाप कारखान्यातला तीनशे बारा नंबरचा कामगार. तिथं दरवर्षी सगळ्यात स्वच्छ गणवेशाला बक्षीस असायचं आणि ते त्यानं ओळीनं सहा वर्षं पटकावलं. भिंतीवरचं घड्याळ, दोन थर्मास, बाकी प्रशस्तिपत्रं. सगळ्यावर नंबर त्याचा. गणवेश धुवायची माझी आई, आणि तो धुवून धुवूनच ती मेली. हे मी शांतपणे लिहिते आहे असं कुणाला वाटत असेल, तर तो गैरसमज आहे.

कारखाना सिमेंटच्या पत्र्यांचा. पत्रा मजबूत व्हावा म्हणून सिमेंटमध्ये अॅस्बेस्टॉस मिसळायचे. कामगार त्याला कापूस म्हणायचे, कारण तो दिसायचाच तसा, मऊ आणि पांढुरका. पोती फोडून तो यंत्रात ओतायचं काम बापाकडे होतं. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. दारातच कपडे काढून टाकायचा आणि पुढच्या खोलीत पाय पसरून चहाची वाट बघत बसायचा. गणवेश घरी धुवायचा, असा कारखान्याचा नियम होता. दर सोमवारी फाटकात मुकादम प्रत्येकाची कॉलर उलटून बघायचा आणि मळलेली दिसली की त्याला माघारी पाठवायचा.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आईनं तो गणवेश इतर कपड्यांसारखा थेट बादलीत बुडवला. त्यातल्या धुळीत सिमेंट होतंच. सकाळपर्यंत शिवणी कडक झाल्या, खिसे चिकटून बसले, शर्ट जमिनीवर उभा केला तर उभा राहील असा. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि पोट धरून हसल्या. "अगं वेडे, आधी झटकायचा! सगळी धूळ जाईपर्यंत झटकायचा आणि मग पाणी दाखवायचं." आई दुपारभर खिळ्यानं शिवणी उकरत बसली. दुसरा जोड होता म्हणून निभावलं. बापाला तिनं पत्ता लागू दिला नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मागच्या कठड्यावर झटकणं सुरू झालं. एकटी आईच नाही, कारखान्याच्या वसाहतीतल्या सगळ्याच बायका त्या वेळी आपापल्या कठड्याशी उभ्या असायच्या. गप्पा, थट्टा, सासवांच्या नकला आणि मधे पांढरा ढग. विजार जड, ती आईकडे. शर्ट हलका. बायका तोंडाला पदर लावायच्या, पण तो शिंका येऊ नयेत म्हणून. त्या धुळीत मरण आहे हे ज्यांना ठाऊक होतं, ते कारखान्याच्या वरच्या मजल्यावर काचेमागे बसायचे आणि मूग गिळून गप्प होते.

एकोणपन्नासाव्या वर्षी आईला दम लागायला लागला. आधी जिन्यावर, मग पोळी लाटताना, मग नुसतं बोलताना. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून विचारलं, "कारखान्यात कुठल्या खात्यात होतात तुम्ही?" आई म्हणाली, "घरी." डॉक्टरांनी फोटो पुन्हा उजेडात धरला. कापसाचे बारीक तंतू फुप्फुसात रुतून बसले होते, आणि आता ते काढायचा काही उपाय नव्हता. बापाची फुप्फुसं मात्र ठणठणीत. असं का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मला त्याचा राग येतो. येऊ नये, पण येतो.

धुळीनं मेलेल्यांची एक सरकारी यादी होती. तिच्यात एक्केचाळीस नावं, सगळी पुरुषांची. चौदा वर्षं धापा टाकत काढल्यावर, जायच्या चार दिवस आधी आईनं माझा हात घट्ट धरला. "माझं नाव घाल त्या यादीत," ती म्हणाली. एवढं बोलायला तिला तीन वेळा थांबावं लागलं. "मी पण काम केलंय."

अर्ज केला. कंपनीनं लगेच कानावर हात ठेवले. ही बाई आमच्याकडे कधी कामाला नव्हतीच, म्हणाले. प्रकरण चौकशी अधिकाऱ्यापुढे गेलं आणि कंपनीच्या वकिलानं साक्षीला कुणाला उभं केलं? माझ्या बापाला. वसाहतीतली खोली मरेपर्यंत त्याच्याकडे राहील, असा शब्द त्याला मिळाला होता. मी त्याच्या पाया पडले होते, भांडले होते, दोन महिने अबोला धरला होता. पण काय सांगणार, याची त्यानं ताकास तूर लागू दिली नव्हती.

इस्त्रीचा शर्ट घालून तो उभा राहिला. वकिलानं विचारलं, "गणवेश कोण धुवायचं?"

"मीच," बाप म्हणाला. "बायकोला मी हातसुद्धा लावू द्यायचो नाही, साहेब."

या माणसानं जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नव्हता. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की क्षणभर समोरचं काही दिसेना. मागच्या बाकांवर वसाहतीतल्या काकू बसल्या होत्या, त्यांच्यात चुळबुळ सुरू झाली. अधिकाऱ्यानं मला विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?"

मी उठले. "बाबा, कामावरून आल्यावर गणवेश कसा धुवायचात तुम्ही? पहिल्यापासून सांगा."

त्याला वाटलं, सोपं आहे. "कसा म्हणजे? बादलीत भिजवायचा, साबण लावायचा, घासायचा, पिळायचा."

"आल्या आल्या भिजवायचात?"

"मग काय नुसता बघत बसायचो?"

मागून खणखणीत हसू आलं. त्याच शेजारच्या काकू, आता सत्तरीच्या. "अहो भावजी, दगड झाला असता त्याचा!" मग सगळ्याच बायका एकदम बोलायला लागल्या. वकील टेबल आपटत होता, पण त्याचं ऐकतो कोण? अधिकाऱ्यानं काकूंना पुढं बोलावलं आणि झटकायचं ते सगळं नीट समजून घेतलं. मग बापाचं उत्तर शब्दन् शब्द लिहून घेतलं आणि त्याला सही करायला लावली. सही करताना बापानं मान वर केली नाही.

त्यानं तिथल्या तिथं निकाल दिला आणि यादीत आईचं नाव बेचाळिसावं लागलं. पूर्ण नाव, तिचं स्वतःचं, कुणाचा नंबर न लावता. मला वाटलं, झालं आता, घरी जाऊन पोटभर रडावं.

कागद आवरता आवरता अधिकारी म्हणाला, "हे झटकण्याचं तुम्हाला आईनं सांगितलं होतं का?"

"नाही साहेब. आई विजार झटकायची. शर्ट मी."

त्याचा हात थांबला. "किती वर्षं?"

"सातव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत."

त्यानं आवरलेला कागद पुन्हा उघडला आणि माझं वय विचारलं. मी सांगितलं, सेहेचाळीस. बाप दारापर्यंत पोचला होता, तो तिथंच वळला. त्याला खरंच माहीत नव्हतं. पुढच्या खोलीतून मागचा कठडा दिसायचा नाही आणि उठून बघायची त्याला कधी गरज पडली नव्हती.

"तू?" तो म्हणाला. "तू कशाला झटकायचीस?"

"बक्षीस तुम्हाला हवं होतं ना, बाबा," मी म्हटलं.