सात सुतांची गिटार

ही गिटार कोणी बनवली असं विचारून लोक बाबांकडे बघतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. मी समोर उभी असते. तांब्याच्या तारेने माझी बोटं चिरलेली असतात, केसांत भुसा असतो, तरी मान वळते ती बाबांकडेच. सुताराच्या घरात लाकडाची वस्तू दिसली की ती सुतारानेच केली असणार, आणि सुतार म्हणजे बाप्या माणूस. पोरगी फार तर चहा आणून देते.

आमचं घर नवेगाव बांधजवळ. घराला लागून टिनाचं शेड, तेच बाबांचं दुकान. चौकटी, दारं, दिवाण आणि लग्नसराईत आलमाऱ्या. बाबांच्या उजव्या कानावर कायम एक लाल चपटी पेन्सिल असते. त्या पेन्सिलीचा आमच्या दुकानात एक नियम आहे: खूण करतो तो मिस्त्री, कापतो तो हाताखालचा. वर्षानुवर्षं रंधा मारणारा कारागीरसुद्धा खूण करायची वेळ आली की बाजूला सरकतो आणि बाबा येईपर्यंत बिडी ओढत बसतो.

मी दहा वर्षांची असल्यापासून फळीचं दुसरं टोक धरत आले. दोरी ताणून धरली, भुसा झाडला, खुणेच्या पलीकडे करवत गेली म्हणून बोलणी खाल्ली. खूण मात्र एकदाही केली नाही. जे काही स्वतःच्या मनाने केलं, ते बाबांनी माझ्यामागे गुपचूप दुरुस्त केलं. शाळेत असताना एक पाट बनवला होता. दुसऱ्या दिवशी बघते तर त्याचे पाय कोणीतरी सारखे करून ठेवलेले. विचारलं नाही, सांगितलं नाही. गावातले लोक म्हणतात, बाप किती जीव लावते पोरीले. त्या जीव लावण्याचा मला तेव्हापासून राग आहे.

मग मी आयटीआय केलं आणि अर्जुनीत मोटर वाइंडिंगच्या दुकानात लागले. धानाच्या हंगामात जळलेल्या पंपांच्या मोटरी येतात, त्यातली काळी पडलेली तार काढायची आणि नवी भरायची. आयटीआयच्या गॅदरिंगला पहिल्यांदा इलेक्ट्रिक गिटार बघितली होती. बाकीच्या पोरी वाजवणाऱ्याकडे बघत होत्या, मी तारांखालच्या काळ्या डबीकडे. त्या डबीत नुसतं चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तार असते, हे कळल्यावर मी वेडीच झाले. हे तर माझंच काम! तीच तार मोटरीत पाणी उपसते आणि इथे गाते.

ती विकत घ्यायची नव्हती, बनवायची होती. अंगासाठी शिवणीचं लाकूड घेतलं. शिवण हलकी, आमच्याकडे ढोलकीलाही चालते. मानेसाठी जुन्या पलंगाची सागवानी पाटी कापली, इतकी वाळलेली की वाजवली तर खणखण करायची. आलमारीचं दार टक् करून चिकटतं ना, त्या कॅचरमधली चुंबकं काढली. केसाएवढी बारीक तार नागपूरहून मागवली आणि मालकाच्या परवानगीने दुकानातल्या मशीनवर सात हजार फेरे मारले. तीनदा तुटली. चौथ्यांदा जमलं.

बाबा येता-जाता बघायचे. काही म्हणायचे नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याची मला चांगली ओळख होती. मीच सावध राहायला हवं होतं.

गिटारच्या मानेवर एक पातळ फळी बसते आणि त्या फळीत धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. सगळा सूर त्या पट्ट्यांच्या जागेवर. त्या सारख्या अंतरावर नसतात. पहिली छत्तीस मिलिमीटरवर, पुढची थोडी जवळ, तिच्यापुढची अजून जवळ, शेवटच्या दोघींमध्ये जेमतेम एक बोट मावतं. मी मोबाइलवर हिशेब केला, तीनदा तपासला आणि सुईच्या टोकाने फळीवर वीस खुणा ओढल्या. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या खुणा. आठवड्यावर मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा, आली होती. मंडईला चौकात दिवसा दंडार, म्हणजे नाच-गाण्याचं लोकनाट्य, असते, आणि दंडारीच्या म्होरक्याने पेटी-ढोलकीबरोबर मला वाजवायला देतो असं कबूल केलं होतं. अख्ख्या गावासमोर माझ्या हातचं काम वाजणार होतं. मला तेवढंच पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी तारा आणायला गोंदियाला गेले. दुकानदार म्हणाला, "किसके लिए चाहिए मैडम? भाई के लिए?" मी म्हटलं, "मेरे लिए," तर हसला. तो राग पॅसेंजरमध्ये बसून गिळला आणि घरी आले.

शेडमध्ये फळी तयार होती. पट्ट्या बसवलेल्या, टोकं घासलेली, तेल लावलेलं. काम इतकं देखणं की क्षणभर माझीच छाती फुगली. मग मी नीट बघितलं. बाबांनी माझ्या खुणा रंध्याने उडवल्या होत्या. शेवटच्या पट्टीची जागा तेवढी ठेवली आणि मधलं अंतर वीस ठिकाणी सारखं वाटून टाकलं.

"पाह्य, सात सूत," बाबा खुशीत म्हणाले. ते इंच आणि सुतातच मोजतात, इंचाचे आठ सूत. "बरोबर सात-सात सूत. एक केस इकडे नाही, तिकडे नाही. तुह्या खुना सरकत गेल्या होत्या बाई. सुरुवातीले दीड इंच, शेवटी अर्धा. म्या सारक्या करून देल्या."

"तुमी हात कायले लावला?"

"चुकलं होतं त..."

"चुकलं नोहोतं! तसंच रायते थे!"

"शिडीच्या पायऱ्या कमी-जास्त रायतेत का? खिडकीचे गज रायतेत का?"

"शिडी नोहोय बाबा थे!"

मी फळी आपटली. आई चुलीपुढून धावत आली. "बापानं दिवसभर मेहनत केली, आन् तू बोंबलून रायली?" हो, बोंबलतच होते. काम वाईट असतं तर मी एवढी पेटले नसते. बाबांनी एक दिवस मोडून, स्वतःची दारं बाजूला ठेवून, जीव ओतून माझं काम पुसलं होतं.

"मंग मले सांगितलं काऊन नाही?" बाबा म्हणाले.

"तुमी इचारलं काऊन नाही?"

 त्यांना पटलं नव्हतं, तोंडावर दिसत होतं. मग मी एका पाटीवर दोन खिळे ठोकले, एक तार ताणली आणि बाबांना समोर बसवलं. बाबा भजनात झांज वाजवतात, त्यांचा कान पक्का आहे. तार बरोबर मधोमध दाबली. "तोच सूर, वरचा," ते म्हणाले. आता उरलेल्या अर्ध्याचं अर्धं दाबलं. पुन्हा तोच सूर, अजून वरचा. "आता अर्ध्यासाठी कितीक जागा लागली, आन् पुढच्यासाठी कितीक? सारकी लागली का?" बाबांनी बोटांनी दोन्ही अंतरं मोजली. मग त्यांची देखणी फळी तारेखाली सरकवली आणि एकेक पट्टी दाबत सारेगम वाजवलं. चौथ्या सुराला बाबांनी तोंड वाकडं केलं.

"बेसूर आहे," म्हणाले, आणि हात धुवायला गेले. बस. चुकलं म्हणाले नाहीत. मंडईपर्यंत शेडच्या त्या कोपऱ्याकडे फिरकले नाहीत.

नवी फळी मी एकटीने केली. रंधा मारला, खुणा केल्या, कापल्या, पट्ट्या ठोकल्या. बाबांइतकी देखणी झाली नाही. दोन ठिकाणी करवत घसरली, ते डाग आजही दिसतात.

मंडईच्या दिवशी चौक फुलला होता. आकाशपाळणा, जिलेबी, आजूबाजूच्या गावांतले पाहुणे. मी गिटार घेऊन ढोलकीवाल्याशेजारी बसले. म्होरक्याने माइक हातात घेतला. "आपल्या गावच्या मिस्त्रीनं सोताच्या हातानं बिजलीची गिटार बनवली जी! टाळ्या!" टाळ्या पडल्या. बाबा पुढेच बसले होते. आता सांगतील, मला वाटलं. ते उठले, हात जोडले आणि चारी बाजूंना वळून नमस्कार केला.

मी म्होरक्याच्या हातातून माइक ओढला. "गिटार मी बनवली," म्हटलं. "मिस्त्रीनं बिघडवली होती."

अख्खा चौक हसला. बाबांचे जोडलेले हात थोडा वेळ तसेच राहिले, मग ते माणसांतून वाट काढत निघून गेले. मी वाजवलं. ताल दोनदा चुकला, पण एकही सूर खोटा लागला नाही. पेटीवाल्याने मान हलवली. ज्याच्यासाठी तो सूर खरा लावला होता, तो माणूस तिथे नव्हता.

घरी आई म्हणाली, "चार लोकायत बापाची इज्जत काढली तू."

"आन् त्यायनं माही काढली त?"

"थे बाप होय."

बाप होय म्हटलं की आमच्याकडे बोलणं संपतं. मला वाईट वाटलं का? वाटलं. रात्री जेवण गेलं नाही. पण ते वाक्य परत घ्यावंसं तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. हात जोडायच्या आधी त्यांना बोलायला वेळ होता.

चार दिवसांनी सडक अर्जुनीकडचा एक माणूस दुकानात आला. मंडईत गिटार ऐकली होती, त्यांच्या भजन मंडळासाठी तशीच एक पाहिजे होती. मी दारापाशी बसून एका मोटरीची तार काढत होते. मंडईत मला वाजवताना त्याने डोळ्यांनी बघितलं होतं, तरी मला ओलांडून तो सरळ आत गेला. "मिस्त्री, कितीक दिवसात होईल?"

बाबा दाराची चौकट ठोकत होते. त्यांनी हातोडी खाली ठेवली. कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितलं आणि दारापर्यंत येऊन माझ्यासमोर धरली.

"खूण हे करते जी," त्या माणसाला म्हणाले. "म्या कापतो. माप तिलेच सांगा."

मी हसले नाही. एवढ्याशा गोष्टीला इतकी वर्षं लागली, याचाच उलट संताप आला. तारेने काळे झालेले हात ओढणीला पुसले, पेन्सिल घेतली आणि कानावर ठेवली.

संध्याकाळी दुकान बंद करताना बाबांचा हात सवयीने कानाकडे गेला. मी बघितलं. पेन्सिल परत दिली नाही.