दुसऱ्या सहीचा रकाना

शनिवारी सकाळी निखिलचा फोन आला. "काका," एवढंच तो मराठीत म्हणाला. पुढचं सगळं जर्मनमध्ये. शरददादांचा हा एकुलता एक मुलगा हॅम्बर्गला असतो. दादा दोन दिवसांपूर्वी झोपेतच गेले होते. दाराशी पेपर तसाच पडलेला शेजारणीने पाहिला, म्हणून कळलं. मी नुसता "हो, हो" म्हणत राहिलो... फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की आपण त्याचं सांत्वनसुद्धा केलं नाही. याला आता सहा आठवडे झाले.

रेगेन्सबर्गच्या ज्या मोटार कारखान्यात मी लागलो, तिथे दादा, नात्याने नव्हे, मानाने दादा, माझ्या आधी दहा वर्षांपासून टूलरूममध्ये होते. मी कॉस्टिंगमध्ये. एखादा भाग आपण बनवायचा की बाहेरून विकत घ्यायचा, हे सांगण्याचा मला पगार मिळतो, आणि बायकोच्या मते मी ते घरी भाजी आणतानाही सांगत असतो. वहिनी गेल्यानंतर दादांनी शूटिंग क्लबात नाव घातलं. वरणभाताशिवाय ज्याचं पान हलत नाही असा माणूस पिस्तूल चालवणार, म्हणून आम्ही त्यांची यथेच्छ थट्टा केली. मग त्यांनी पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, हाताळण्याची परीक्षा दिली, परवाना काढला आणि इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, काडतुसं भरण्याचं हातयंत्र बसवलं. क्लबात झाडलेल्या पुंगळ्या वेचून आणायच्या, साफ करायच्या आणि पुन्हा भरायच्या.

दर शनिवारी फोन करून ते मला बोलवायचे ते "बघायला". हे शब्दशः खरं होतं. बीच लाकडाचा एक ठोकळा त्यांनी स्वतः केला होता, पन्नास भोकांचा. त्यात पुंगळ्या उभ्या करून पावडर घातली, की वर गोळी बसवण्याआधी टॉर्च घेऊन प्रत्येकीत डोकावायचं. एखादीत चुकून दुप्पट पडली तर पिस्तूल हातात फुटतं. "आधी मी बघतो, मग तू," ते म्हणायचे. "माझे डोळे माझीच चूक झाकतात." कारखान्यातला चार डोळ्यांचा नियम त्यांनी घरी आणला होता. मग वहीत तारीख, पावडरचं वजन आणि दोघांच्या सह्या. माझ्यासाठी वेगळी खुर्ची होती, तिच्यावर वहिनींनी विणलेली उशी. थर्मासमधली कॉफी, डब्यात चकल्या. वहिनींबद्दल ते बोलायचे ते फक्त ठोकळ्यावर मान खाली घातलेली असताना... मीही वर बघायचो नाही.

वर्षभर असं चाललं आणि मग मला दुर्बुद्धी सुचली. एका शनिवारी मी लॅपटॉप घेऊन गेलो. यंत्र, पावडर, गोळ्या, लागणारे तास, सगळं मांडून दाखवलं. नाइन एमएमची तयार काडतुसं दुकानात इतकी स्वस्त मिळतात, की दादा नव्वदीला पोचले तरी यंत्राचे पैसे वसूल होत नव्हते. मला त्या तक्त्याचा अभिमान वाटत होता, हे कबूल करतो. "दादा, विकत घ्या. हे परवडत नाही."

त्यांनी चष्मा पुसला आणि तक्ता शेवटपर्यंत वाचला. "गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणाले. "माझा तास कितीला धरलास?"

मी कारखान्यातला दर सांगितला.

"फार महाग धरलास रे," ते हसून म्हणाले.

पुढच्या शनिवारी त्यांचा फोन आला नाही. मला वाटलं, पटलं त्यांना. मग माझे शनिवार मुलीच्या पोहण्याच्या क्लासने भरले. गणपतीत, दिवाळीत आम्ही भेटायचो, पण तो विषय दोघांनीही काढला नाही. त्यांचं घर बसने पाच थांब्यांवर होतं. मी गेलो नाही, आणि याची मला लाज वाटते.

अंत्यसंस्कारानंतर निखिल मला केलरमध्ये घेऊन गेला. पावडरला आणि काडतुसांना हात लावायची त्याला परवानगी नव्हती. क्लबातले योसेफ परवाना घेऊन ते सगळं न्यायला आले होते. दुकानातलं एकही काडतूस शरदने कधी वापरलं नाही, असं ते म्हणाले. दर रविवारी मोजून पन्नास, स्वतः भरलेली. खुर्ची जागेवरच होती, उशीसकट.

योसेफ गेल्यावर निखिलने माझ्या हातात वही दिली. पहिल्या वर्षाच्या पानांवर त्यांची सही, शेजारी माझी. त्यानंतर त्यांची सही आणि शेजारी कोरी जागा... तीन वर्षं, दर शनिवारी. तो रकाना त्यांनी ना स्वतःच्या सहीने भरला, ना आखायचा सोडला. पुढची कोरी पानंही पट्टीने आखून ठेवलेली होती आणि प्रत्येकावर, दुसऱ्या रकान्याच्या डोक्यावर, बारीक अक्षरात माझं नाव.

पप्पांना हे सगळं परवडत होतं का, असं निखिलने जर्मनमध्ये विचारलं. याच प्रश्नावर माझं पोट चालतं. मी वही मिटली आणि त्याच्याकडून ठोकळाही मागून घेतला.

वही आणि ठोकळा आता माझ्या टेबलावर आहेत. गेल्या शनिवारी सकाळी मी शेवटचं लिहिलेलं पान काढलं. त्यांची सही नेहमीसारखी ठसठशीत. शेजारी सही करावी म्हणून पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. दादांनीच शिकवलं होतं, जे पाहिलं नाही त्यावर सही करायची नाही.