कांदा चिरताना म्हटलेली कादंबरी

"लिहिलेलं सापडतं, हबीबी," असं म्हणत आमचा म्हातारा मालक ऑर्डरचा कागद माझ्या हातातून घ्यायचा आणि त्याचे बारीक तुकडे करायचा. मग स्वतः टेबलाटेबलावर जाऊन ऑर्डरी लक्षात ठेवून यायचा आणि हमखास घोळ घालायचा. उपमा मागणाऱ्याला ऑम्लेट, ऑम्लेटवाल्याला नुसता चहा. आणि शिव्या कोणाला? मला. आचारी ना मी!

दुबईच्या पुढे रास अल खैमात त्याचं आठ खोल्यांचं गेस्ट हाऊस. उतरणारे बहुतेक सिरॅमिक फॅक्टरीच्या कामाला आलेले आपलेच लोक. मालक मात्र सत्तरी ओलांडलेला जर्मन आणि मी गुहागरचा. ही सोयरीक कशी जमली ते देव जाणे.

पूर्व जर्मनी नावाचा देश होता तेव्हा, तरुण वयात, त्यानं सरकारला झोंबेल अशी कादंबरी लिहिली. पोलिसांनी वही नेली, त्यालाही नेलं. तुरुंगात कागद मिळेना, म्हणून त्यानं ती आठवून आठवून तोंडपाठ केली. पुढे सुटला, तो देशही राहिला नाही, पण ह्यानं पुन्हा एक ओळ कागदावर उतरवली नाही. रोज सकाळी माझ्याबरोबर कांदा चिरता चिरता एक पान म्हणायचा, माझ्यासाठी इंग्रजीत. कादंबरी संपली की पुन्हा पहिल्यापासून.

"अहो सर, आता कोण येतंय पकडायला? लिहा की!"

"इन्शाल्ला," म्हणून हसायचा.

सहा वर्षं ऐकलं. मग एका सकाळी तो मधेच थांबला. कैद्याची आई तुरुंगाच्या दारात डबा घेऊन उभी, आणि पुढचं वाक्य येईना. त्यानं सुरी खाली ठेवली.

"गेलं," म्हणाला. "खलास."

ह्या माणसाजवळ दुसरं होतं काय? मी रवा परतत परतत म्हटलं, "डबा तिनं उघडलाच नाही. आत काय आहे ते पहारेकऱ्याला वासावरूनच कळलं." आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत पान संपेपर्यंत म्हणत राहिलो.

म्हातारा आधी रडला, मग हसला. "म्हणजे पाठ केलेलंही सापडतं की! मग लपवू कशाला? यल्ला, चल, कागद आण."

घरात कागद कुठला? ऑर्डरच्या वह्या होत्या. त्यांवरच सगळी कादंबरी लिहिली, अडला की मला हाक मारत.

गेल्या महिन्यात त्या वह्या बॅगेत भरून तो जर्मनीला गेला. छापणारा मिळालाय. मी आता ऑर्डरी कागदावर घेतो. घोळ होत नाही, पण करमत नाही. कांदा चिरताना रोज एक पान मात्र म्हणतो. न जाणो, म्हाताऱ्याची बॅग कुठे हरवली तर!