तानूबाईचं बंदर

तानूबाई आमच्याकडे कामाला आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं, की भांडी घासेन, फरशी पुसेन, पण कपबशी फुटली तर बोलून घेणार नाही. मी म्हटलं, बाई, माझंही डोकं तापलं की मी घर डोक्यावर घेते, तेव्हा बघू कोण टिकतं ते. ती हसली नाही, पण टिकली. आमच्या कॉलनीतल्या सगळ्या जणी कामवालीच्या नावाने बोटं मोडत असायच्या, मी मात्र सुखात होते.

तिचं गाव शहाद्याकडचं. नवऱ्याबरोबर इथे सिल्वासाजवळ खडोलीच्या एका सूत कारखान्यात मजुरीला आली, तेव्हा मुलगी जया कडेवर होती. पुढे पाच वर्षांनी कारखान्याला टाळं लागलं. नवरा म्हणाला, दमणला मासेमारीच्या बोटींवर माणसं घेतात, बघून येतो. आता सांगा, तापीपलीकडे ज्याने पाणी पाहिलं नाही असा खानदेशी माणूस, तो निघाला समुद्रावर. ही शहाऐंशी सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. तो परत आलाच नाही. तानूबाई जयाचा हात धरून दमणच्या बंदरावर जाऊन आली. बोट चालवणारा एक तांडेल म्हणाला, असा माणूस आला होता. दुसरा म्हणाला, नाही आला. बुडाला म्हणावं तर कुणी पाहिलं नाही आणि पळाला म्हणावं तर तसा माणूस नव्हता.

ती मात्र कपाळभर कुंकू लावायची, हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात मणी. कुणी हळहळायला लागलं की तिचं तोंड सुटायचं. कॉलनीच्या वॉचमनने एकदा तिला ‘बेचारी’ म्हटलं, तर त्याला तिने गुजराती, हिंदी आणि अहिराणी अशा तिन्ही भाषांत धुतला.

अठ्ठ्याण्णव साली जयाचं लग्न जमलं आणि सगळं घोडं तिथेच अडलं. मुलाकडचे शिरपूरचे, माणसं बरी, पण त्यांनी विचारलं, पत्रिकेत बापाच्या नावाआधी ‘कैलासवासी’ छापायचं की नाही ते एकदा ठरवा, अधांतरी बापाची मुलगी आम्ही घेणार नाही. माणूस बारा वर्षं बेपत्ता असला की मेला असं धरतात, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. तानूबाईचा दीर सुकदेव गावाहून निरोपावर निरोप धाडत होता, बारा वर्षं भरली, वहिनी, आता पुतळा करून टाकू, पोरीचं मार्गी लावू. पुतळा जाळला की तानूबाईचं कुंकू पुसणार, आणि नाही जाळला तर जयाचं लग्न मोडणार. तानूबाई निरोप आणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवायची. तिच्या तोंडून शिवी आली नाही की मला भीती वाटायची.

त्याच दिवसांत कौस्तुभने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ऑफिसातला जुना कॉम्प्युटर घरी आणला होता. मुंबईहून येताना एक गेमची सीडीही आणली. समुद्रकाठचं एक गाव आपल्याला हवं तसं वसवायचं असा तो खेळ. धक्का कुठे, दीपस्तंभ कुठे, बाजार कुठे, कुठल्या घराला कुठला रंग, सगळं आपण ठरवायचं. मग माणसं करायची. त्यांचे केस, कपडे, चाल निवडायची, नाव द्यायचं आणि घरात ठेवून द्यायचं. पुढे ती आपली आपण जगतात, कामाला जातात, भांडतात, जेवतात. सिल्वासात दुपारी मला दुसरं काय काम होतं? मी त्या गावाच्या पार नादी लागले.

तानूबाई आधी पोछा मारता मारता तिरक्या नजरेने बघायची. मग खाली बसून बघायला लागली. तिला बाकी कशात रस नव्हता, तिचं लक्ष धक्क्यावर असायचं. बोट आली की कोण उतरतं ते बघायची. एक दिवस म्हणाली, ताई, एक माणूस माझ्या सांगण्याने करा. मी केला. निळा शर्ट, बारीक मिशी, काळे दाट केस, जरासा डावीकडे कलून चालणारा. तिने खांदे दोनदा उतरवून घेतले. कडुलिंबाखालचं एक घर त्याच्यासाठी निवडलं. खेळाने नाव विचारलं आणि ती तोंडाला कुलूप लावून बसली. नवऱ्याचं नाव तिने उभ्या आयुष्यात घेतलं नव्हतं. लग्नात उखाणा घे म्हणून सासूने हट्ट धरला, तेव्हाही ही रडून मोकळी झाली होती. मी म्हटलं, अहो, मशीन आहे हे, ह्याला कसली लाज? पण नाही. शेवटी मी नावाच्या जागी नुसती मोकळी जागा सोडली, आणि खेळाने ती मुकाट घेतली.

तिथून सगळं बिनसलं. तो माणूस घरात जाईना. कामाला जाईना. सगळं गाव आपापल्या उद्योगात आणि हा धक्क्याच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून उभा. मी बाजार हलवला, रस्ता वळवला, तरी तो तिथेच. इतर माणसं चालत चालत त्याच्यापर्यंत आली की थांबायची आणि मागे फिरायची. त्याच्या रिकाम्या घरात मात्र दिवा लागायला लागला. मी कौस्तुभला दाखवलं, तर म्हणाला, नाव नसल्यामुळे प्रोग्रॅम गोंधळला असेल, काढून टाक. पण काढायचं असलं तरी खेळ नावच विचारायचा.

एका दुपारी तो धक्क्यावर नव्हता. गावभर शोधला, नव्हताच. मग तानूबाईने बोट ठेवून दाखवलं. तो समुद्रात उभा होता, कंबरभर पाण्यात. त्या खेळात माणसं पाण्यात जातच नाहीत हो, मी पन्नास वेळा करून बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर लावला तेव्हा पाणी छातीपर्यंत होतं. खोटं कशाला सांगू. पंखा गरगरत होता, बाहेर भाजीवाला ओरडत होता आणि मी एका चित्रातल्या माणसाला घाबरले होते.

सुकदेवने अमावास्येचा दिवस पक्का केल्याचा निरोप आला, त्या दिवशी पाणी त्याच्या गळ्याशी होतं. तानूबाईने हातातलं फडकं खाली ठेवलं.

“ताई, मी नाव सांगते,” ती म्हणाली. “तुम्ही लिहा. आधी त्यांना बाहेर काढा.”

तिने नाव इतक्या हळू घेतलं की मला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला. झुंबर. मी टाइप केलं.

तो वळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आम्ही त्याचं तोंड पाहिलं. पाण्यातून धक्क्यावर आला, डावीकडे कलत बाजारातून चालत आला आणि कडुलिंबाखालच्या घराच्या दाराशी थांबला. मिशी पांढरी होती. कपाळावरचे केस मागे हटले होते, राहिलेले पिकले होते. मी काळे केस दिले होते. देवाशपथ, काळेच दिले होते.

तानूबाई पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिच्या श्वासाने काच धुरकट झाली. “कथा गयथात इतला दिन?” तिने विचारलं. कुठे गेला होतात इतके दिवस, एवढंच. तो दाराशी उभा राहिला. मग ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता की धसका, ते मला आजही सांगता यायचं नाही.

“मेलेल्या माणसाचे केस पिकत नाहीत, ताई,” ती म्हणाली. “ते आहेत. कुठेतरी म्हातारे होत आहेत.”

मी चिडलेच. म्हटलं, हा खेळ आहे, ह्यात दोष आहे, तुम्ही भलतंसलतं डोक्यात घेऊ नका. मग मी विचारलं, आता सुकदेवला काय सांगणार? तिने फडकं उचललं, बादलीत पिळलं आणि उरलेली फरशी पुसून काढली. दारातून जाताना म्हणाली, हे कुणाला बोलू नका, जयाचं लग्न होऊ द्या.

अमावास्येला ती गावी गेली. तिच्या डोळ्यांसमोर पानांचा पुतळा पेटला. तो जिवंत आहे अशी खात्री असताना तिने तो पेटू दिला. मला हे आठवलं की अजून जेवण जात नाही. जयाचं लग्न झालं, पत्रिकेवर हवं तसं छापलं गेलं. हळद लावायला मात्र आईला कुणी पुढे होऊ दिलं नाही.

ती कामावर परत आली तेव्हा कपाळ मोकळं होतं, गळा मोकळा होता. मला बघवेना. मी कॉम्प्युटरकडे गेले आणि म्हटलं, आता नाव आहे, ह्याला काढून टाकते. तुमचाही जीव सुटेल, माझाही.

“राहू द्या,” ती म्हणाली. “तिथे तरी मी त्यांना जाळलेलं नाही.”

मी त्याला काढलं नाही. ते गाव मी पुन्हा उघडलंही नाही, हिंमतच झाली नाही. कॉम्प्युटर कोपऱ्यात कापडाखाली बंद पडून होता. तानूबाई त्या खोलीत झाडायला यायची तेव्हा दारातच डोक्यावरचा पदर भुवयांपर्यंत ओढून घ्यायची, आणि खोली झाडून होईपर्यंत तो वर करायची नाही. एकदा मी न राहवून विचारलं, तर म्हणाली, कपाळ दिसलं तर त्यांना कळेल.